सिक्वेन्स जुळवायचं मोफत सॉफ्टवेअर कुठून घ्यावं, कसं बसवावं? (विषय: केळीवरचा हरण्या)

पोंगा_नवा | मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प केळीवरच्या हरण्यावर घेतलाय, म्हणजे पुस्तकातला सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. रावेर, यावल आणि चोपडा तालुक्यांतल्या १४ बागांतून पानं आणली, आरएनए काढला, विषाणूच्या आवरण-प्रथिनाचं जनुक पीसीआरने वाढवलं (त्याच्या भरपूर प्रती काढल्या) आणि सिक्वेन्सिंगला, म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचून घ्यायला, बाहेर पाठवलं. परवा फाइली आल्या. आता हे सगळे सिक्वेन्स एकाखाली एक लावून अलाइन करायचे आहेत.

सॉफ्टवेअरपाशीच अडले आहे. शोधायला गेलं की 'फ्री डाउनलोड'ची मोठमोठी हिरवी बटणं दिसतात. एका साइटवरून क्लस्टल हे जुळवणीचं सॉफ्टवेअर म्हणून जे उतरवलं त्याने माझ्या ब्राउझरचं मुखपृष्ठच बदललं, क्लस्टल काही मिळालं नाही. मग त्याच कामाचं मसल उतरवलं. डबल क्लिक केलं की काळी खिडकी क्षणभर उघडते आणि मिटते. लॅपटॉप विंडोज १०, ६४ बिट, ४ जीबी रॅम. कॉलेजच्या लॅबमधले संगणक त्याहून जुने, विंडोज ७ आणि ३२ बिट. विकतचं काही घेणं शक्य नाही. शिवाय पुढच्या सोमवारी पहिल्या वर्षाच्या मुलांचं हेच प्रॅक्टिकल मला घ्यायचंय, १२ संगणकांवर. कृपया मार्ग सांगा.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री ९.४०

ताई, तुमचं मसल बिघडलेलं नाही. त्याला खिडक्या-बटणं नसतातच. ते कमांडवर चालतं. डबल क्लिक केलं की ते सुरू होतं, काय काम आहे ते कोणी सांगत नाही म्हणून आपली माहिती छापून बंद होतं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा, मसल ठेवलेल्या फोल्डरमध्ये जा आणि तिथून चालवा.

त्याआधी त्या हिरव्या बटणाच्या साइटवरून आलेलं सगळं अनइन्स्टॉल करून अँटीव्हायरस फिरवा. ही सॉफ्टवेअरं ज्यांनी लिहिली त्यांच्याच पानावरून घ्यायची. मसल ड्राइव्ह५ डॉट कॉमवर, क्लस्टल क्लस्टल डॉट ओआरजीवर, मेगा मेगासॉफ्टवेअर डॉट नेटवर. मधला दलाल नको.

अमळनेरकर | मंगळवार, रात्री १०.०५

विंडोज सोडा, उबंटू टाका. टर्मिनलमध्ये एक ओळ: सुडो, ॲप्ट, इन्स्टॉल आणि पुढे मॅफ्ट, क्लस्टल-ओ, सीव्ह्यू, जी हवीत ती नावं (इथे उच्चार लिहितोय, टाइप इंग्रजी लहान अक्षरांत करायचं). पाच मिनिटांत सगळं बसतं. साइट शोधायची भानगडच नाही.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, रात्री १०.१२

@अमळनेरकर, भाऊ, सोमवारी प्रॅक्टिकल आहे आणि तुम्ही १२ संगणकांचं विंडोज उडवायला सांगू राह्यले!

अमळनेरकर | मंगळवार, रात्री १०.२०

बरं, लॅबला हात लावू नका. पण ताईंच्या लॅपटॉपवर विंडोजच्या आतच लिनक्स बसतं, डब्ल्यूएसएल. विंडोज १० अद्ययावत असेल तर एका कमांडचं काम आहे. पुढे हेच क्षेत्र धरायचं असेल तर हे कधी ना कधी शिकावं लागेल. बायोकोंडा म्हणून या विषयाच्या सॉफ्टवेअरचं मोठं भांडार आहे, ते लिनक्स आणि मॅकवरच चालतं, थेट विंडोजवर नाही.

सातपुडा_पायथा | मंगळवार, रात्री १०.५०

मूळचा शिरपूरचा, सध्या पुण्यात विषाणूंवरच काम करतो. अमळनेरकरांचं म्हणणं पटतं, पण ते या आठवड्यासाठी नाही.

तुमच्यासाठी मेगा बरं. खिडक्या-बटणांचं आहे, १९९३ पासून चालत आलंय, संशोधन आणि शिकवण्यासाठी मोफत. उतरवताना नाव-ईमेल विचारतात, तेवढं द्या. त्याच्या आतच क्लस्टल-डब्ल्यू आणि मसल दोन्ही आहेत, वेगळं बसवायला नको. शिवाय जुळवल्यावर वंशवृक्षही त्यातच काढता येतो, आणि तो तुम्हाला लागणारच.

लॅबच्या ३२ बिट संगणकांना जुन्या आवृत्त्या लागतील. क्लस्टल-एक्स २.१ आणि मसल ३.८.३१ त्यांच्यावर चालतात. मसलची तर एकच फाइल आहे, इन्स्टॉल नाही, ॲडमिन पासवर्ड नाही. पेन ड्राइव्हवरून कॉपी केली की झालं.

एक खबरदारी. मसलच्या जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या कमांड वेगळ्या आहेत. ३.८ मध्ये फाइल देताना 'इन' आणि निकालासाठी 'आउट' लिहायचं. ५ मध्ये त्याच जागी 'अलाइन' आणि 'आउटपुट'. नेटवरचे बहुतेक जुने धडे ३.८ चे आहेत. ते बघून ५ वर कमांड दिली की ते पर्यायच ओळखत नाही आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

शेवभाजी_स्पेशल | मंगळवार, रात्री ११.०२

मसल, मेगा, क्लस्टल... व्यायामशाळेची यादी वाचतोय असं वाटलं. कोणीतरी सांगा ना, जुळवायचं म्हणजे नेमकं काय?

तापीकाठ | बुधवार, सकाळी ६.३०

प्रश्न चांगला विचारलात. मी वनस्पतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक, यावलचा.

जात्यावरची एकच ओवी पाच गावांतल्या पाच बायांकडून लिहून घेतली असं समजा. एकीने एक शब्द गाळला, दुसरीने 'माय'च्या जागी 'बाय' म्हटलं, तिसरीने मध्ये 'गं' घातला. पाचही ओव्या एकाखाली एक अशा लिहायच्या की सारखा शब्द सारख्याच्या खाली येईल. जिथे शब्द गळला तिथे रिकामी जागा सोडायची. मग दिसतं की कोणत्या दोन गावांची ओवी जवळची आणि बदल कुठे झाला. डीएनएमध्ये शब्दांऐवजी ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. रिकाम्या जागेला गॅप म्हणतात. गॅप सोडला की गुण कापायचे, अक्षर जुळलं की गुण द्यायचे, आणि एकूण गुण जास्तीत जास्त येतील अशी मांडणी शोधायची. दोन सिक्वेन्ससाठी ही पद्धत नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये दिली.

दोनाचं ठीक, पण पंधरा-वीस सिक्वेन्स एकत्र आले की सगळ्या मांडण्या तपासणं संगणकालाही झेपत नाही. म्हणून क्लस्टल आलं, १९८८ मध्ये हिगिन्स आणि शार्प यांचं. ते आधी जोड्याजोड्यांनी तुलना करतं, कोण कोणाच्या जवळचं याचा ढोबळ वृक्ष काढतं, आणि सगळ्यात जवळच्यांपासून एकेक जोडत जातं. त्यात मेख अशी की सुरुवातीला एकदा चुकीचा गॅप पडला तर तो शेवटपर्यंत राहतो. २००४ चं मसल तिथे पुन्हा मागे वळून दुरुस्ती करतं.

मी १९९८ साली पुण्याहून क्लस्टल फ्लॉपीवर आणलं होतं. त्याआधी आम्ही चौकटीच्या वहीत एकेक अक्षर लिहून, पट्ट्या कापून, त्या सरकवून जुळवायचो. एका प्रथिनाला तीन संध्याकाळी लागायच्या. पहिल्यांदा तेच काम पडद्यावर काही सेकंदांत झालेलं पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून वर्गातल्या मुलांना बोलवायला गेलो होतो. आज हे सगळं फुकट मिळतं, आणि चोपड्याची मुलगी आपल्याच बागेतल्या विषाणूवर ते लावते आहे. फार बरं वाटलं.

पोंगा_नवा | बुधवार, सकाळी ९.१५

सर, तुमचा प्रतिसाद सोमवारी मुलांना वाचून दाखवणार आहे. परवानगी असावी.

कमांड प्रॉम्प्टमधून मसल चाललं! आवृत्ती ५ च निघाली, आणि मी जुन्या धड्यातलं 'इन' लिहीत होते. आता म्हणतं फाइल सापडत नाही. फाइल तर समोर दिसतेय.

पांझरा | बुधवार, सकाळी ९.४०

मी धुळ्याला लॅबमध्ये काम करतो. ताई, तुनी फाइलमा गडबड शे. नोटपॅडमध्ये सेव्ह केली ना? विंडोज शेवटचं टीएक्सटी लपवतं. तुम्हाला 'नमुने.फास्टा' दिसतं, खरं नाव 'नमुने.फास्टा.टीएक्सटी' असतं. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करा म्हणजे दिसेल.

आणि फाइलचं नाव, फोल्डरचं नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. आमच्याकडे एका मुलाने लॅपटॉपवर युजरचं नावच देवनागरीत ठेवलं होतं. कितीतरी जुनी सॉफ्टवेअरं त्याच्याकडे चालायचीच नाहीत. सी ड्राइव्हवर थेट 'अलाइन' नावाचा फोल्डर काढून तिथे काम हलवलं, तिढा सुटला. डेस्कटॉपवर तर ठेवूच नका, तो पत्ता लांबलचक असतो.

सिक्वेन्स वर्डमध्ये उघडून चिकटवू नका. फास्टा म्हणजे साधा मजकूर: पहिल्या ओळीत मोठेपणाचं चिन्ह आणि नाव, खाली अक्षरं. नावं छोटी ठेवा, रावेर१, यावल३ अशी, मध्ये जागा नको. बरीच सॉफ्टवेअरं जागा आली की नाव तिथेच तोडतात, मग सगळे नमुने नुसते 'रावेर' दिसतात.

कांदेबाग | बुधवार, दुपारी १.२०

राम राम. मी शेतकरी, रावेर तालुका. हरण्या शब्द दिसला म्हणून उघडलं. सॉफ्टवेअरचं काही समजत नाही, पण विचारतो: पानं नेली, मशीनमध्ये घातली, अक्षरं जुळवली, यातून आमच्या बागेला काय मिळणार? मृगबागेत मागे सहाशे झाडं उपटून बांधावर टाकली मी. ऑगस्टमध्ये पानावर पिवळे पट्टे दिसले की पोटात गोळा येतो.

सातपुडा_पायथा | बुधवार, दुपारी २.०५

काका, रास्त प्रश्न. सरळ सांगतो, या जुळवणीने उभ्या बागेतलं आजारी झाड बरं होत नाही. विषाणूवर औषध नाही, झाड उपटून नष्ट करणं हाच उपाय, तो तुम्ही केलातच.

उपयोग कुठे, तर रोग आला कुठून हे शोधायला. हरण्या दोन वाटांनी येतो: रोगट लागवडीतून किंवा मावा किडीतून. तुमच्या बागेतला विषाणू आणि शेजारच्या काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरचीतला किंवा बांधावरच्या तणातला विषाणू अक्षराला अक्षर जुळला, तर मावा तिथून आणतोय असा संशय बळावतो. लांबच्या लांब बागांत एकसारखाच विषाणू निघाला आणि सगळ्यांची रोपं एकाच ठिकाणची असतील, तर रोपांकडे बोट जातं. लागवडीआधी रोपं तपासायची जी चाचणी असते ती विषाणूच्या अशाच न बदलणाऱ्या तुकड्यांवर बेतलेली असते. आपल्याकडच्या विषाणूत तो तुकडा बदलला असेल तर चाचणी 'रोग नाही' म्हणेल आणि रोपं शेतात जातील. म्हणून आपल्याच जिल्ह्यातले सिक्वेन्स लागतात.

माव्याबद्दल एक. तो रोगट झाडाला काही सेकंद सोंड लावतो आणि पुढच्या झाडावर मिनिटाभरात विषाणू देऊन मोकळा होतो. फवारणीने मरायच्या आत त्याचं काम झालेलं असतं. त्यामुळे नुसत्या फवाऱ्यावर भिस्त नको. केळीत वेलवर्गीय आंतरपीक टाळा, बांध स्वच्छ ठेवा, लागण दिसली की झाड त्याच दिवशी काढा.

कांदेबाग | बुधवार, दुपारी २.३०

पटलं. काकडीचं आंतरपीक होतंच शेजारी. पुढच्या वेळी शेजाऱ्याशी बसून बोलतो.

पूर्णामाय | बुधवार, सायंकाळी ५.१०

एवढा खटाटोप कशासाठी? ईएमबीएल-ईबीआय या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर क्लस्टल ओमेगा ऑनलाइन चालतं. फाइल चिकटवा, बटण दाबा, निकाल घ्या. १४ सिक्वेन्स म्हणजे काहीच नाही. मी कायम तेच वापरते.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, सायंकाळी ५.२५

एकट्याने घरून करायला उत्तम. पण सोमवारी १२ संगणक, एक वायफाय, आणि दुपारी लाइट गेली की राउटर आधी जातो. पेन ड्राइव्हवर असलेलं सॉफ्टवेअर वीज आल्याबरोबर पुन्हा सुरू होतं.

पूर्णामाय | बुधवार, सायंकाळी ५.४०

प्रॅक्टिकलसाठी मान्य. प्रकल्पासाठी माझं मत तेच. आणि कोणी 'डेटा चोरीला जाईल' म्हणणार असेल तर सांगते, निकाल तिथे ७ दिवस राहतात, मग काढून टाकतात.

पोंगा_नवा | बुधवार, रात्री ८.५०

पांझरा दादा, टीएक्सटीच होतं! फाइल चालली. मेगाही बसवलं. पण निकाल पाहून रडू आलं. निम्मे सिक्वेन्स एका बाजूला, निम्मे दुसऱ्या, मध्ये गॅपच गॅप. ६५७ बेसचं, म्हणजे अक्षरांचं, जनुक, आणि जुळवणी हजाराच्या पुढे गेलीय. मसल, क्लस्टल-डब्ल्यू, पूर्णामाय ताईंनी सांगितलेलं ऑनलाइन क्लस्टल ओमेगा, तिन्हीत तेच. तीन महिने पानं गोळा केली, पीसीआर पाच वेळा फसलं तरी धरून राहिले. नमुनेच खराब निघाले का?

तापीकाठ | बुधवार, रात्री ९.००

बेटा, घाबरू नकोस. तिन्ही सॉफ्टवेअरं एकच सांगतायत तर गडबड आत जाणाऱ्या फाइलीत आहे. फाइलीत एकूण किती सिक्वेन्स आहेत?

पोंगा_नवा | बुधवार, रात्री ९.०४

२८, सर. प्रत्येक नमुन्याच्या दोन-दोन फाइली आल्या, एफ आणि आर.

सातपुडा_पायथा | बुधवार, रात्री ९.१५

सापडलं. नमुने चांगले आहेत.

एफ म्हणजे पुढच्या प्रायमरने (वाचन जिथून सुरू होतं त्या छोट्या डीएनए तुकड्याने) वाचलेलं, आर म्हणजे मागच्या प्रायमरने. आर समोरच्या धाग्यावरून उलटं वाचलेलं असतं. ओवी शेवटापासून उलटी, वर प्रत्येक अक्षराच्या जागी त्याची जोडीदार: ए ऐवजी टी, जी ऐवजी सी. ही सॉफ्टवेअरं आपणहून सिक्वेन्स उलटवून बघत नाहीत. मिळाले तसे जुळवायला गेली आणि गॅप घालत सुटली.

आता असं करा. आधी प्रत्येक फाइलीचा आलेख (प्रत्येक अक्षराचं एक शिखर दाखवणारं चित्र) उघडा, फिंचटीव्ही किंवा युजीनमध्ये, दोन्ही मोफत. सुरुवातीचे तीस-चाळीस बेस आणि शेवटचा गढूळ भाग कापा. मग आर उलटवा. मेगाच्या अलाइनमेंट खिडकीत डेटा मेनूखाली रिव्हर्स कॉम्प्लिमेंट आहे. मग त्याच नमुन्याचा एफ आणि आर एकमेकांशी जुळवा. जिथे दोघांत फरक दिसेल तिथे आलेखात शिखर कोणाचं स्वच्छ आहे ते डोळ्यांनी बघून अक्षर ठरवा. असे २८ चे १४ होतील, आणि ते १४ जुळवायचे.

घाईत असाल तर मॅफ्टमध्ये ॲडजस्ट-डायरेक्शन नावाचा पर्याय आहे. तो उलटे सिक्वेन्स ओळखून सरळ करतो आणि त्यांच्या नावाआधी आर जोडून ठेवतो. पण पहिल्यांदा हाताने करा.

अमळनेरकर | बुधवार, रात्री ९.३०

हे जनुक प्रथिन बनवणारं आहे ना? मग मेगात 'मसल, कोडॉन्स' हा पर्याय घ्या. तीन-तीन अक्षरांच्या गटाने जुळवतं, त्यामुळे गॅप आला तरी तीनच्या पटीत येतो. ६५७ ला तीनने भाग जातो: २१८ अमिनो आम्लं आणि शेवटी एक स्टॉप, म्हणजे प्रथिन इथे संपलं अशी खूण. मध्येच स्टॉप आला तर तिथलं अक्षर चुकीचं वाचलंय असं समजून परत आलेख बघा.

शेवभाजी_स्पेशल | बुधवार, रात्री ९.४५

सिनेमाच्या शेवटाला लोक थांबतात तसा इथे थांबलोय. जेवण गार झालं.

पोंगा_नवा | शुक्रवार, रात्री ११.४०

दोन रात्री लागल्या. २८ आलेख एकेक करून पाहिले. यावल३ चा आर सुरुवातीपासूनच गढूळ होता, तो पुन्हा मागवणार आहे, सध्या त्याचा एफच ठेवलाय. बाकी १३ चे एफ-आर जुळले. मग कोडॉनने मसल चालवलं, काही सेकंदांत झालं.

६५७ स्तंभ. यावल३ च्या शेवटचा न वाचलेला भाग सोडला तर एकही गॅप नाही. मध्ये कुठे स्टॉप नाही. सगळे रंग खालून वरपर्यंत सरळ रेषेत. आईला उठवून दाखवलं. तिला अक्षरं कळली नाहीत, पण म्हणाली, "विणकाम नीट बसलंय गं."

पांझरा | शनिवार, सकाळी ७.५०

भलतं बेस व्हयनं, ताई!

शेवभाजी_स्पेशल | शनिवार, सकाळी ८.१०

आमच्याकडे बेस म्हणजे चांगलं. ६५७ बेस म्हणजे ६५७ वेळा चांगलं. अभिनंदन!

तापीकाठ | शनिवार, सकाळी ८.३०

सोमवारी मुलांना आधी हीच बिघडलेली जुळवणी दाखव, मग सरळ केलेली. आणि चार छोटे सिक्वेन्स चौकटीच्या कागदावर हाताने जुळवायला दे, दहा-बारा अक्षरांचे. हाताने केलं की संगणक काय करतो ते त्यांना लगेच कळतं. कागद मी पाठवतो, माझ्याकडे गठ्ठा पडून आहे.

पोंगा_नवा | शनिवार, सकाळी ९.००

नक्की, सर. पेन ड्राइव्ह तयार केलाय: क्लस्टल-एक्स २.१, मसल ३.८.३१, नमुन्याची फास्टा आणि मराठीत लिहिलेली एक पानाची कृती. पहिल्याच ओळीत लपलेलं टीएक्सटी कसं उघड करायचं ते आहे. कोणाला हवी असेल तर सांगा, इथे टाकते.

कांदेबाग | शनिवार, सकाळी १०.१५

ताई, आमच्या बागेत काल परत तीन झाडांवर पट्टे दिसले. उपटायच्या आधी पानं ठेवू का तुमच्यासाठी? शेजारच्या काकडीची पण आणतो.

पोंगा_नवा | शनिवार, सकाळी १०.२२

काका, हो, नक्की ठेवा! पोंग्याजवळचं कोवळं, पट्टे असलेलं पान घ्या. ओल्या कागदात गुंडाळून प्रत्येक झाडाची वेगळी पिशवी करा, त्यावर गट आणि तारीख लिहा. काकडीची पानं वेगळ्या पिशवीत, आणि दोन्हींच्या मध्ये हात धुवा. पिशव्या बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका. मी उद्या सकाळी सातच्या एसटीने रावेरला येते. झाडं मी आल्यावर लगेच उपटू, मीही हात लावते.